जुन्या एंजिनाची हरवलेली शक्ती

शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर उभे राहून समुद्रातून जाणाऱ्या मासेमारी लाँचींकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. एखाद्या लाँचीमागे काळ्या धुराचा पट्टा लांबवर रेंगाळत असतो. तेवढीच दुसरी लाँच जवळजवळ धूर न सोडता तिच्या बरोबरीने चाललेली असते. दोघींची एंजिने एकाच कारखान्यातली आणि सारख्याच अश्वशक्तीची असू शकतील. मग एकीच्या धुराड्यातून काळा धूर का यावा, आणि दुसरीच्या का येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की शाळेच्या पुस्तकातले बरेचसे पदार्थविज्ञान आपल्याला त्या लाँचीवरच भेटते.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. लाँच बंदराला लागली, मासळी विकली गेली, की आलेल्या पैशांतून आधी डिझेल आणि बर्फ यांचा खर्च वजा होतो. उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. काही वाटे लाँचीच्या मालकाचे, काही तांडेलाचे आणि बाकीचे खलाशांचे. म्हणजे धुराड्यातून वाया गेलेले डिझेल केवळ मालकाचे नसते; प्रत्येक खलाशाच्या घरातल्या चुलीशी त्याचा संबंध असतो. एंजिन जुने झाले, लाँच पूर्वीसारखी ओढत नाही असे दिसू लागले, की मालकापुढे दोन वाटा उरतात. कर्ज काढून नवे, अधिक शक्तीचे एंजिन बसवायचे, किंवा जुन्याचीच हरवलेली शक्ती शोधायची. ही दुसरी वाट आज आपण पाहू.

किनाऱ्यावरच्या लहान फायबर होड्यांना मागच्या बाजूला टांगलेले एंजिन असते. आपण बोलणार आहोत ते मात्र लाँचीच्या पोटात, भक्कम लाकडी पायावर बसवलेल्या डिझेल एंजिनाबद्दल.

एक लिटर डिझेलचा हिशेब

एक लिटर डिझेल जाळले, तर सुमारे ३६० लक्ष ज्यूल, म्हणजे ३६ मेगाज्यूल उष्णता मिळते. लाँचीवरचे चांगल्या स्थितीतले डिझेल एंजिन एक अश्वशक्ती एक तास देण्यासाठी साधारण पाव लिटर डिझेल घेते. आता गुणाकार करू. पाव लिटर डिझेलमधली उष्णता ९ मेगाज्यूल. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तासाभरात तिचे कार्य होते सुमारे २.७ मेगाज्यूल. म्हणजे शंभर भाग उष्णतेपैकी तीस भागच फिरत्या दांड्यापर्यंत पोहोचले. उरलेल्यांपैकी बराच भाग तापलेल्या धुराबरोबर हवेत जातो, बराच भाग थंड करणाऱ्या पाण्याबरोबर समुद्रात जातो आणि थोडा घर्षणात खर्च होतो.

हा आकडा पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले एंजिन चालवून दाखवले, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली, आणि त्या काळच्या वाफेच्या एंजिनांपुढे ती फारच मोठी होती. उष्णतेपासून कार्य मिळवायचे, तर तिचा काही भाग सोडून द्यावाच लागतो, हा उष्मागतिकीचा नियमच आहे.

पण हिशेब इथे संपत नाही. दांड्याने फिरवलेला पंखा पाणी मागे लोटतो, तेव्हा पाण्याला नुसतेच घुसळण्यात आणखी शक्ती वाया जाते. लहान लाँचीचा पंखा मिळालेल्या शक्तीपैकी साधारण निम्मीच पुढे ढकलण्याच्या कामी आणतो. तिसातले निम्मे म्हणजे पंधरा. एक लिटर डिझेलपैकी लाँच प्रत्यक्षात पुढे जाते ती जेमतेम दीडशे मिलिलिटरवर!

हा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण गळती कोठे कोठे आहे हे तो दाखवतो. एंजिन म्हातारे झाले की तिसाचे पंचवीस होतात. पंख्याला पोचे आले की निम्म्याचे चाळीस टक्के होतात. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की तेवढ्याच वेगासाठी अधिक जोर लागतो. दोष एकेकटे लहान वाटतात, पण त्यांचा गुणाकार होतो. दुरुस्तीचाही असाच गुणाकार होतो, हीच त्यातली आशेची बाजू.

श्वास आणि घास

डिझेल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, सिलिंडरातली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या भागात दाबतो. सायकलचा पंप जोराने मारताना तो खाली तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. तसेच येथे होते. फक्त तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सुटला, की तो आपोआप पेट घेतो. म्हणून या एंजिनाला तीन गोष्टी लागतात: भरपूर हवा, पक्का दाब आणि योग्य क्षणी योग्य फवारा.

हवा किती लागते? एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ०.८४ किलोग्रॅम. ते स्वच्छ जळण्यासाठी त्याच्या विसेक पट वजनाची हवा घेतली, तर ती होते सुमारे १७ किलोग्रॅम. आकारमानात ही १४ घनमीटर हवा झाली. लांबी, रुंदी आणि उंची २.४ मीटर असलेली खोलीभर हवा एका लिटरमागे एंजिन ओढून घेते! आता लाँचीतली एंजिनाची जागा डोळ्यांपुढे आणा. पाणी शिरू नये म्हणून ती चारी बाजूंनी बंद केलेली असते. आत एंजिन तापलेले असते, आणि जाळी, दोर, कॅन यांची अडगळही तिथेच असते. बाहेरची हवा ३० अंश आणि आतली ५० अंश असेल, तर आतली हवा विरळ होते. निरपेक्ष तापमानाच्या भाषेत ३०३ भागिले ३२३, म्हणजे सुमारे ०.९४. दर श्वासाला एंजिनाला सहा टक्के हवा कमी मिळते. हवा जाण्यासाठी पुढच्या बाजूला एक खालपर्यंत पोहोचणारी वाट आणि गरम हवा बाहेर पडण्यासाठी मागे वरच्या बाजूला दुसरी वाट करून दिली, एवढ्याने हा तोटा भरून निघतो. हवेची गाळणी वेळच्या वेळी साफ करणे आणि धुराड्याच्या नळीत साचलेली काजळी काढणे हाही श्वास मोकळा करण्याचाच भाग. श्वास आत घ्यायचा, तर आधीचा बाहेर टाकता आला पाहिजे.

दाब टिकतो तो दट्ट्याभोवतीच्या कड्यांमुळे आणि झडपा घट्ट बसल्यामुळे. कड्या झिजल्या, सिलिंडरला चरे पडले, झडपांच्या बैठका जळल्या, की दाबलेली हवा निसटते, हवा पुरेशी तापत नाही आणि सकाळी एंजिन लवकर सुरू होत नाही. ही झीज मेस्त्रीला दाब मोजणाऱ्या मीटरने अजमावता येते.

आता घास. सुमारे दोनशे वातावरणांइतक्या किंवा त्याहून अधिक दाबाने डिझेल ज्या बारीक छिद्रांतून फवारले जाते, त्या भागाला मेस्त्री नोझल म्हणतात. छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या एका लहान अंशाएवढा असतो. नोझल नवे असताना धुक्यासारखा फवारा उडतो. ते झिजले की फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागतात. थेंब जितका मोठा, तितके त्याचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने कमी. म्हणून मोठा थेंब आतपर्यंत जळण्याआधीच झडप उघडते आणि तो काजळी होऊन बाहेर पडतो. नोझल काढून तपासणे हे फार खर्चाचे काम नाही, पण त्याने पडणारा फरक मोठा असतो.

डिझेलमध्ये पाणी आणि गाळ असला, की नोझल व पंप दोन्ही लवकर झिजतात. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली, की आतल्या बाष्पाचे थेंब भिंतींना धरतात आणि ते तळाशी साचतात. म्हणून बंदरात आल्यावर टाकी भरून ठेवावी, आणि तळाशी साचलेले पाणी अधूनमधून काढून टाकावे.

येथे एका मोहाविषयी सांगितले पाहिजे. लाँच ओढत नाही असे दिसले, की इंधन पंपाचा स्क्रू फिरवून फवाऱ्यात अधिक डिझेल सोडण्याकडे कल असतो. पण हवा तेवढीच, दाब तेवढाच आणि डिझेल मात्र जास्त! वाढीव डिझेल अर्धवट जळते. थोडी शक्ती वाढल्यासारखी वाटते, पण धूर काळा होतो, झडपा तापतात आणि तेल खराब होते. भूक हवेची असताना घास वाढवण्यासारखाच हा प्रकार आहे.

धुराची भाषा

अनुभवी मेस्त्री एंजिन उघडण्याआधी धुराकडे पाहतो. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन: हवा कमी पडते, नोझल गळते, किंवा एंजिनावर त्याच्या ताकदीबाहेर भार आहे. पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलची वाफ: सिलिंडर थंड आहे, दाब कमी आहे, किंवा फवारा उशिरा सुटतो. कधी कधी तो आत शिरलेल्या पाण्याची वाफही असतो. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. कड्या किंवा झडपांचे मार्गदर्शक झिजले आहेत. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. उरलेले अर्धे एंजिनाबाहेर आहे. ते पुढे पाहू.

एंजिनाच्या पोटातले मिठागर

मे १९३० मधल्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शिरोड्याची मिठागरे साऱ्या देशाला ठाऊक झाली. मिठागरात समुद्राचे पाणी आटू लागले, की सर्वांत आधी मीठ बसत नाही. आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, नंतर जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे दशांशावर आले म्हणजे मग खाण्याचे मीठ. पहिले दोन क्षार पाण्यात फार विरघळत नाहीत, आणि पाणी तापवले की त्यांची विद्राव्यता वाढण्याऐवजी घटते.

जुन्या लाँचींमध्ये एंजिन थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी थेट सिलिंडराभोवती खेळवत असत. ते पाणी फार तापू दिले, तर हेच क्षार पोकळीच्या भिंतींवर खवल्यांसारखे बसतात. म्हणून अशी एंजिने मुद्दाम थंड, साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली चालवावी लागतात. पण थंड सिलिंडर हेही दुखणेच आहे. ज्वलन नीट होत नाही, तेल घट्ट राहून घर्षण वाढते आणि डिझेलमधल्या गंधकापासून बनलेली आम्ले थंड भिंतीवर धरून तिला खातात.

यावरचा उपाय म्हणजे दोन पाण्यांची व्यवस्था. एंजिनाभोवती गोडे पाणीच पुन्हा पुन्हा फिरते, आणि त्याची उष्णता नळ्यांच्या भिंतीपलीकडून समुद्राचे पाणी घेऊन जाते. काही लाँचींत गोड्या पाण्याची नळी तळाला बाहेरून जोडलेली असते. मग समुद्रच तिचा रेडिएटर होतो. गोडे पाणी ८० अंशांच्या आसपास ठेवता येते. ते तापेपर्यंत वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट मात्र हवाच. ‘गरम होते’ म्हणून तो काढून फेकण्याची सवय डिझेल वाढवणारी आणि एंजिनाचे आयुष्य घटवणारी आहे.

लाँच सतत घाट चढते

आपल्याकडच्या अनेक लाँचींत मुळात ट्रकसाठी तयार झालेली एंजिने समुद्रासाठी फेरफार करून बसवलेली असतात. ट्रकला आंबोलीचा घाट चढताना जोर लागतो, पण घाट संपला की उतार आणि सपाटीही असते. लाँचीला उतार नाही. पाणी तिला सतत अडवते, जणू ती बंदर सोडल्यापासून घाटच चढत असते. म्हणून एंजिन आणि पाणी यांना जोडणारा पंखा नेमका असणे फार महत्त्वाचे.

पंख्याचे सामर्थ्य जगाला पटले ते एका रस्सीखेचीने. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ हे मळसूत्री पंख्याचे जहाज आणि ‘अलेक्टो’ हे बाजूला चाके असलेले, जवळपास तेवढ्याच शक्तीचे जहाज पाठीला पाठ लावून बांधले. दोन्ही पूर्ण जोराने चालली, तेव्हा रॅटलरने अलेक्टोला अडीच नॉटहून अधिक वेगाने उलटे ओढत नेले. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर.

पंखा पाणी मागे लोटतो आणि पाणी लाँचीला पुढे लोटते. हा न्यूटनचा तिसरा नियम. पण पाणी कसे लोटावे? समजा, दर सेकंदाला १०० किलोग्रॅम पाण्याला ४ मीटर वेग दिला. संवेग झाला ४००, आणि गतिज ऊर्जा ८०० ज्यूल. आता २०० किलोग्रॅम पाण्याला २ मीटर वेग द्या. संवेग पुन्हा ४००, म्हणजे रेटा तेवढाच. पण ऊर्जा लागली ४०० ज्यूल! थोडे पाणी जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकलणे स्वस्त पडते. यावरून नियम निघतो: तळाखाली जागा असेल तितका मोठा पंखा घ्यावा आणि गिअरने त्याचे फेरे कमी करावेत. एंजिनाचे दोन फेरे होताना पंख्याचा एक होत असेल, तिथे तिनास एक असा गिअर आणि मोठा पंखा बसवला, तर त्याच एंजिनातून अधिक रेटा मिळतो. जुना गिअर बदलायची वेळ आलीच, तर हा विचार अवश्य करावा.

पंख्याच्या पात्याला पीळ असतो. स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकायला हवा, त्या अंतराला पिच म्हणतात. पिच ०.४ मीटर, एंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे आणि गिअर दोनास एक धरला, तर पंखा सेकंदाला साडेबारा वेळा फिरतो व लाँच सेकंदाला ५ मीटर जायला हवी. प्रत्यक्षात ती ३.६ मीटर, म्हणजे ७ नॉट जाते. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे २८ टक्के घसरण झाली. थोडी घसरण अटळ आहे. तिच्यावाचून रेटाच मिळणार नाही. पण हा आकडा वाढत चालला, तर पंखा वाकला आहे किंवा तळ घाण झाला आहे असे समजावे.

पंखा एंजिनाला जुळतो की नाही, हे पाहण्याची सोपी खूण आहे. भरलेली लाँच पूर्ण जोराने चालवली असता एंजिनाने कारखान्याने नेमून दिलेले फेरे गाठले पाहिजेत. ते गाठता येत नसतील आणि धूर काळा येत असेल, तर पंखा त्या एंजिनाला जड आहे. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा उरलेला भाग तो हाच. जुन्या एंजिनाची ताकद थोडी घटलेली असते, म्हणून नवेपणी जुळणारा पंखा त्याला आता जड होऊ शकतो. पात्यांचा पीळ थोडा कमी करून घेतला, की एंजिन मोकळे फिरते आणि धूर निवळतो.

पंखा आणि एंजिन यांना जोडणारा दांडा सरळ रेषेत असावा, हे सांगायला नकोच. पण एक बारकावा आहे. लाकडी लाँच किनाऱ्यावर ओढलेली असताना आणि पाण्यावर तरंगत असताना तिचा आकार किंचित बदलतो. म्हणून जोडाची शेवटची तपासणी लाँच पाण्यात उतरवल्यावर करावी लागते.

तळाचा हिशेब

समुद्रात ठेवलेल्या कोणत्याही वस्तूवर आधी जीवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग बार्नेकल आणि शिंपले. आपल्या उबदार समुद्रात हे सारे झपाट्याने वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९९९ साली लहान मासेमारी नौकांच्या इंधनबचतीवर एक पुस्तिका काढली. उपाय न करता सहा महिने तसाच ठेवलेला तळ इंधनाचा खर्च चाळीस टक्क्यांहूनही अधिक वाढवू शकतो, असे तीत नोंदवलेले आहे. एंजिनात नवे नोझल घालून जे कमावले, ते सारे बार्नेकल खाऊन टाकतात!

काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची कोकणातली रीत जुनी आहे. ते लाकूड टिकवते. पण चिकटणारे जीव रोखण्यासाठी तांब्याची संयुगे असलेले रंग अधिक उपयोगी पडतात. कथिलाच्या संयुगांचे रंग याहून प्रभावी होते, पण ते इतर सागरी जीवांनाही घातक ठरले. म्हणून २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आणली व ती २००८ पासून अमलात आली. रंग कोणताही असो, तळ घासून गुळगुळीत करणे याला पर्याय नाही.

सर्वांत स्वस्त सुटा भाग

आता अशा उपायाकडे येऊ, ज्याला एक पैसाही लागत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड या अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे सुमारे ८५ मीटर लांबीची पाण्याची टाकी बांधून जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या. जहाज चालताना स्वतःच लाटा निर्माण करते, आणि वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते, हे त्याच्या कामातून स्पष्ट झाले. लाटेची लांबी जहाजाएवढी झाली, की नाळ एका शिखरावर आणि मागचा भाग दुसऱ्या शिखरावर असतो. त्यापुढे वेग वाढवायचा, तर जहाजाला आपल्याच लाटेवर चढावे लागते. हा मर्यादा-वेग मीटर-सेकंदात काढायचा, तर पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचे वर्गमूळ घेऊन त्याला १.२५ ने गुणावे. लांबी ९ मीटर असेल, तर ३ गुणिले १.२५ म्हणजे ३.७५ मीटर, अर्थात ७.३ नॉट. एवढ्या लाँचीला दुप्पट शक्तीचे एंजिन बसवले, तरी वेग दुप्पट होणार नाही. तो जेमतेम थोडासा वाढेल, आणि डिझेल मात्र दुपटीने जाईल.

याउलट वेग थोडा कमी केला तर? पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. समजा, एक लाँच १५०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती घेऊन ७ नॉटने जाते. मासे धरण्याची जागा १४ सागरी मैलांवर आहे.

१५०० फेरे: ४० अश्वशक्ती, तासाला १० लिटर. प्रवास २ तास. डिझेल २० लिटर.

१३५० फेरे: सुमारे २९ अश्वशक्ती, तासाला ७.३ लिटर. वेग ६.३ नॉट, प्रवास २ तास १३ मिनिटे. डिझेल सुमारे १६ लिटर.

१२०० फेरे: सुमारे २०.५ अश्वशक्ती, तासाला ५.१ लिटर. वेग ५.६ नॉट, प्रवास अडीच तास. डिझेल सुमारे १३ लिटर.

तेरा मिनिटे उशिरा पोहोचण्याची किंमत चार लिटर डिझेल! जाऊन-येऊन ती आठ लिटर होते. कमी भारावर दर अश्वशक्तीमागे डिझेल किंचित जास्त लागते, त्यामुळे प्रत्यक्ष बचत थोडी कमी भरेल. पण हिशेबाची दिशा बदलत नाही. लिलावाची वेळ गाठायची असेल किंवा वादळाची सूचना आली असेल, तेव्हा घाई करावीच लागते. इतर वेळी हात थोडा मागे घेणे हा एंजिनाचा सर्वांत स्वस्त सुटा भाग आहे.

कोठून सुरुवात करावी?

खर्च आणि लाभ तोलून पाहिले, तर क्रम असा लागतो. आधी वेग, तळ आणि पंखा. मग हवा, गाळण्या, नोझल आणि झडपा. त्यानंतर थंड पाण्याची व्यवस्था. आणि शेवटी कड्या व सिलिंडर. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि लाँच किनाऱ्यावर ओढलेली असते. ही सारी कामे करण्याचा तोच खरा काळ. मात्र सिलिंडर, भुजादंड आणि पंप हे सारेच झिजलेले असेल, तर जुन्यावर पैसा घालत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी नवे एंजिन घ्यावे, पण ते ‘शेजाऱ्यापेक्षा मोठे’ म्हणून नव्हे, तर लाँचीच्या लांबीला आणि कामाला साजेसे.

मोठ्या एंजिनाची सक्ती नाही, हे आपल्या शेजारी बांधलेल्या एका नौकेने दाखवले आहे. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आखलेली आणि गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली ‘सागर हरिता’ ही नौका २०१६ साली पाण्यात उतरली. तिचे एंजिन ४०० अश्वशक्तीचे, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इतर नौकांपेक्षा सुमारे २० टक्के कमी शक्तीचे आहे. वजन घटवण्यासाठी तिच्या केबिनला फायबर वापरले आहे आणि दिव्यांसाठी सौर पट्टे आहेत. एक लिटर डिझेल जळाले, की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. तेव्हा अशी बचत केवळ खिशापुरती उरत नाही.

करून पहा

छतावरच्या पाण्यासाठी वापरतात तशी दोन मीटर लांबीची पन्हळ घ्या. दोन्ही टोके बंद करून तीत पाणी भरा. वीस सेंटिमीटर लांबीची लाकडी होडी करून तिच्या नाळेला दोरा बांधा. दोरा टोकाच्या कप्पीवरून खाली सोडून त्याला पाच ग्रॅमचे वजन लावा. खाली वजन पडायला पुरेशी उंची ठेवा. होडी सोडा आणि शेवटचा एक मीटर पार करायला लागणारा वेळ मोजा. आता वजन दहा ग्रॅम, मग वीस ग्रॅम करा. वजन दुप्पट केले तर वेग दुप्पट होतो का? वेग दुप्पट होण्यासाठी वजन कितीपट करावे लागले? ओढ गुणिले वेग म्हणजे शक्ती; मग शक्ती कितीपट झाली? तीन-तीन वेळा मोजून सरासरी घ्या आणि आलेख काढा.

नंतर होडीच्या तळाला खरखरीत पॉलिश पेपर चिकटवून तोच प्रयोग पुन्हा करा. बार्नेकल काय करतात, ते तुमच्या घड्याळातच दिसेल. तुमच्या गावात लाँची असतील, तर आलेखाचा कागद बंदरावर घेऊन जा आणि एखाद्या तांडेलकाकांना दाखवा. ते लाँच किती फेऱ्यांवर चालवतात आणि का, हे त्यांना विचारा. बारा-पंधरा वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाला यातले बरेचसे अनुभवाने ठाऊक असते. तुमचा आलेख आणि त्यांचा अनुभव एकमेकांशी कोठे जुळतो आणि कोठे नाही, ते वहीत टिपून ठेवा.